शाळा सुटल्यावरचे तास: अभ्यासिका आणि तिथले ताई-दादा नेमकं काय करतात

मुंबईतल्या बऱ्याच शाळा आजही दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातला मुलगा साडेबाराच्या सुमाराला सुटतो. आई चार घरची कामं उरकून संध्याकाळी येते, वडील रात्री. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे रोजचे सहा-सात तास असे जातात, की ‘काय करतोयस?’ असं विचारणारंही कोणी नसतं. दुपारच्या सत्रातल्या मुलीला हेच तास सकाळी मिळायला हवेत, पण पाणी भरणं, धाकट्या भावाला आवरून बालवाडीत सोडणं, स्वयंपाकाला हात लावणं यातच तिची सकाळ संपते. वस्त्यांमधल्या अभ्यासिका, संध्याकाळचे मोफत वर्ग, खेळाचे गट आणि एकेका मुलाला जोडून दिलेले मार्गदर्शक ताई-दादा हे सगळे उपक्रम या तासांसाठी असतात. ‘मुलांना फुकट शिकवणी देतात’ असं त्यांचं वर्णन आपण सहज करतो. पण शिकवणी हा त्यातला फक्त एक भाग आहे. या उपक्रमांमुळे मुलं खरंच पुढे जातात का, आणि जात असतील तर कशामुळे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी जागेचं बोलू. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं, एक टीव्ही, एक ट्यूबलाइट. अशा घरात दहावीच्या मुलाने ‘शांत बसून’ अभ्यास करायचा म्हणजे बाकीच्यांनी जगणं थांबवायचं. वरळीला पोदार हॉस्पिटलजवळच्या एका रस्त्याला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. बीडीडी चाळींतल्या आणि आसपासच्या मुलांच्या पिढ्यांनी तिथे दिव्याखाली, फुटपाथवर बसून परीक्षांचा अभ्यास केला आहे. त्या मुलांच्या जिद्दीचं कौतुक करावं तितकं थोडंच. पण त्यातून हेही कळतं, की मुंबईत बसायला चार फूट जागा आणि डोक्यावर दिवा मिळणं हीच पहिली मदत आहे. आणि ती गल्ली रात्री अकरापर्यंत प्रामुख्याने मुलग्यांच्याच कामाची, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. ही सगळी धडपड किशोरवयातल्या मुलांसाठीच का? कारण आपल्याकडे चौदाव्या वर्षी मुलाच्या पायाखालच्या तीन-चार पायऱ्या एकदम निघतात. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे, पण तो सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. बालकामगारविरोधी कायद्याने चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा या वयात फक्त धोकादायक कामांना मनाई उरते. त्यामुळे शिकण्याचं संरक्षण संपतं त्याच वर्षी कमावण्याचा दरवाजा उघडतो. त्यात महापालिकेच्या पुष्कळशा शाळा सातवी-आठवीपर्यंतच असल्याने मुलाला शाळा बदलावी लागते. नवी शाळा लांब असते आणि मित्र मागे राहतात. शिवाय आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण बरीच वर्षं होतं, त्यामुळे ‘तुला हे येत नाही’ असं बऱ्याच मुलांना पहिल्यांदा नववीत सांगितलं जायचं, तेही लाल शाईत. नववीला शाळा सोडणाऱ्या मुलाबद्दल ‘त्याला अभ्यासात गोडीच नव्हती’ असं जेव्हा ऐकतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. इतकं सगळं एकाच वर्षात अंगावर आल्यावर गोडी टिकणार कशी?

आता अभ्यासाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

नववीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती बीजगणितातली सूत्रं धडाधड म्हणून दाखवते. वही स्वच्छ, गृहपाठ पूर्ण. तिला विचारा, पाऊण अधिक अर्धा किती? ती वर तीन अधिक एक चार लिहील, खाली चार अधिक दोन सहा लिहील आणि ‘चार छेद सहा’ असं उत्तर देईल. चार छेद सहा हे पाऊणपेक्षाही कमी आहे, मिळवूनसुद्धा संख्या घटली कशी, हा प्रश्न तिला पडत नाही, कारण अपूर्णांक म्हणजे किती हेच पाचवीत निसटलेलं असतं. त्यानंतरची चार वर्षं ती फळ्यावरचं उतरवून घेत आली. तिलाही दोष देता येत नाही आणि वर्गातल्या बाईंनाही दोष देता येत नाही. समोर पन्नास मुलं, मार्चपर्यंत संपवायचा अभ्यासक्रम. नववीच्या वर्गात पाचवीचा अपूर्णांक शिकवायला तासच नसतो.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं आणि वरच्या वर्गांत हे अंतर वाढतच जात होतं. केंद्रावर मुलं आठवड्यातून सहा दिवस दीड तास येत. निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकासमोर. संगणकावरचा कार्यक्रम मुलाला इयत्ता विचारत नव्हता. त्याला काय येतं ते तपासून तिथूनच सुरुवात करत होता. साडेचार महिन्यांत ही मुलं, केंद्रावर न आलेल्या मुलांच्या तुलनेत, गणित आणि हिंदी दोन्ही विषयांत स्पष्ट पुढे गेली. सगळ्यात मागे असलेल्यांना सापेक्षतेने सगळ्यात जास्त फायदा झाला. केंद्रावर न आलेल्या मुलांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्श्यातली मुलं मात्र शाळेत जात असूनही जवळजवळ जागच्या जागीच राहिली.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. इतकी प्रगती होऊनही शाळेच्या गणिताच्या परीक्षेतले गुण तेवढ्यात वाढले नाहीत. कारण साधं आहे. दुसरीच्या पातळीवरचं मूल चौथीच्या पातळीवर आलं तरी शाळेचा पेपर सातवीचा असतो. त्या पेपरात त्याची दोन वर्षांची मजल दिसतच नाही. पालकांना हे आधी सांगितलं नाही तर चार महिन्यांनी ते म्हणतात, ‘जातोय कशाला तिकडे, मार्क तर तेवढेच आहेत,’ आणि मूल घरी बसवतात. देणगीदारांचंही तसंच होतं. केंद्र चालवणाऱ्याने पहिल्या दिवशी मुलाची पातळी तपासून लिहून ठेवली असेल तरच फरक दाखवता येतो.

‘मूल आहे तिथून सुरुवात करा’ हे तत्त्व मुंबईला नवीन नाही. १९९०च्या दशकात इथेच सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून उभं केलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट त्या शाळेच्याच वेळात रोज दोन तास घेत. मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. ती करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांची प्रगती चांगली झाली होती आणि ती मुख्यतः बालसखीकडे जाणाऱ्या मुलांचीच होती. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा त्या प्रगतीचा बराचसा भाग विरला होता. शिक्षण एकदा दिलं की कायमचं राहतं असं आपल्याला वाटत असतं. तसं होत नाही. पाया भरल्यावर वर बांधत राहावं लागतं, आणि म्हणूनच लहानपणी मदत मिळालेल्या मुलालाही नववी-दहावीत कोणीतरी लागतं.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे मार्गदर्शक. मुलं त्यांना ताई-दादा म्हणतात. त्यांचं काम शिक्षकापेक्षा वेगळं असतं. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला दहावीनंतर काय, हे कोणी शिकवत नाही, तरी ते त्याला माहीत असतं. मामा इंजिनिअर, शेजारच्या काकू बँकेत, आतेबहीण डिप्लोमाला. जेवताना कानावर पडूनच त्याला अर्धी वाट कळते. ज्या घरातलं पहिलंच मूल दहावीला बसतंय तिथे डिप्लोमा, आयटीआय आणि अकरावी यांतला फरक सांगणारं माणूस नसतं. ताई-दादा त्या मामा-आतेबहिणीची जागा भरतात. जर्मनीत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात विद्यापीठातले विद्यार्थी शाळकरी मुलांना असे जोडून दिले होते. सगळ्यात अडचणीच्या घरांतल्या मुलांचे गणिताचे गुण सुधारले, पुढे काय करायचं याची स्पष्टता वाढली, धीर धरण्याची वृत्तीही वाढली. बऱ्या परिस्थितीतल्या मुलांना मात्र असा काही फायदा झाला नाही, कारण त्यांच्या घरी ते आधीच होतं.

मुंबईत या ‘माहिती असण्या’चा अर्थ काय, ते जातीच्या दाखल्यावरून पाहा. आजोबा बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, वडील इथेच जन्मले. मुलाकडे आधार कार्ड आहे, रेशन कार्डावर नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर जातही लिहिलेली आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ आधीचा पुरावा द्यावा लागतो. तो मुंबईत असणारच नाही. तो गावी, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाहीतर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात. मग कोणी गावी जायचं, मजुरी बुडवून दोन दिवस राहायचं, कचेरीतून नक्कल काढायची. दहावीचा निकाल लागल्यावर हे सुरू केलं तर प्रवेशाच्या फेऱ्या निघून जातात, शिष्यवृत्ती हुकते, खुल्या वर्गातून फी भरावी लागते, आणि मग ‘राहू दे शिक्षण’ हे वाक्य येतं. जाणती ताई आठवी-नववीतच विचारते, ‘या मे महिन्यात गावी जाणार ना? मग हे एवढं घेऊन या.’ मेच्या सुट्टीत घर तसंही गावी जाणारच असतं. या एका वाक्याने किती मुलांचं कॉलेज वाचलं असेल याची नोंद कुठल्याच अहवालात येत नाही.

अशा गोष्टी आणखी आहेत. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. अनुदानित, सरकारी आणि पालिका शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, आणि पुरवणी परीक्षा दोन-तीन महिन्यांतच असते. शाळा सुटून गेली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे सगळे रस्ते सरकारने करून ठेवलेले आहेत. नापास झालेला मुलगा निकालाच्या दिवशी घरी न जाता समुद्रावर बसून राहतो, तेव्हा हे त्याला तिथे जाऊन सांगणारं कोणी हवं.

मार्गदर्शनाचा परिणाम वागण्यावरही होतो. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ नावाची जुनी संस्था मुलाला एक मोठा माणूस जोडून देते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात दहा ते सोळा वयाची नऊशेहून जास्त मुलं होती. मार्गदर्शक मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांकडे पहिल्यांदा वळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि शाळा बुडवण्याचे दिवस जवळपास निम्म्यावर आले. हे मार्गदर्शक उपदेश करत नव्हते. बहुतेक जण महिन्यातून तीनदा तरी भेटत, फिरत, बोलत आणि ऐकून घेत.

मात्र त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा २००२ साली एक काळजीची गोष्ट पुढे आली. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ज्या पहिल्या तीन महिन्यांतच तुटल्या, त्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. म्हणजे येऊन निघून जाणारा मार्गदर्शक मुलाला होता तिथेही ठेवत नाही, आणखी मागे ढकलतो. ज्या मुलाचे वडील कामासाठी सतत बाहेर किंवा घर सोडून गेलेले, ज्याची वस्ती दोनदा तुटली, ज्याच्या शाळेत शिक्षक बदलत राहिले, त्याच्या आयुष्यात आपण आणखी एक निघून जाणारं माणूस होतो.

हे मी जोर देऊन सांगते, कारण मुंबईत स्वयंसेवकांची कमी नाही. कंपन्यांचे ‘एक दिवस समाजासाठी’ असतात, कॉलेजच्या मुलांना सामाजिक कामाचे तास भरायचे असतात. हेतू चांगलाच असतो. पण चाळीस जण टी-शर्ट घालून गोवंडीला येतात, भिंती रंगवतात, मुलांबरोबर फोटो काढतात, ‘पुन्हा येऊ’ म्हणतात. मुलं पुढच्या शनिवारी वाट बघतात. भिंती रंगवायला जरूर यावं, पुस्तकं द्यावीत, पंखे बसवून द्यावेत. फक्त पुन्हा येणार नसू तर ‘पुन्हा येऊ’ म्हणू नये.

किशोरवयात मित्र हे शिक्षक आणि पालक या दोघांपेक्षा वरचढ असतात, त्याचाही उपयोग करून घेता येतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता. एकटं खेळताना किशोरवयीन मुलं बेताचाच धोका पत्करत, दोस्त बघायला उभे राहिले की धोका पत्करण्याचं प्रमाण खूप वाढे. मोठ्या माणसांवर दोस्तांचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे या वयात ‘वाईट संगत सोड’ म्हणून भागत नाही, दुसरी संगत द्यावी लागते. कफ परेडच्या आंबेडकर नगरातून उभ्या राहिलेल्या ऑस्कर फाउंडेशनचा नियम आहे: शाळा नाही तर फुटबॉल नाही. शाळेला दांडी मारली तर संघात जागा नाही, आणि मग मित्रच मित्राला शाळेत ओढून नेतात. १९९९ पासून मुंबईत काम करणाऱ्या ‘मॅजिक बस’ या संस्थेनेही खेळाचाच रस्ता धरला. अभ्यासिकेतही हेच दिसतं. तीन मुलं एकत्र वही उघडून बसली की चौथा येऊन टेकतोच.

मुलींचं गणित वेगळं आहे. केंद्र कितीही चांगलं असो, सातनंतर अंधारी गल्ली ओलांडून यायचं असेल तर नववीनंतर मुली गळतात. ज्या केंद्रांनी वेळ पाण्याच्या वेळेभोवती बसवली, मुलींना गटाने घरी सोडायची सोय केली आणि धाकट्या भावंडाला बरोबर आणायची मुभा दिली, तिथे त्या टिकतात. आणि ताईने घरी जाऊन आईशी बोललेलं असावं लागतं. एकदा चहा प्यायला गेलं की आईची शंका निम्मी होते. मूल कोणाच्या हाती सोपवतोय हे पाहण्याचा तिला हक्कच आहे. त्यासाठीच कोणताही जबाबदार उपक्रम स्वयंसेवकांची पोलिस पडताळणी करतो, मुलाला बंद दाराआड एकट्याने भेटू देत नाही आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लावतो. याचा राग मानणारा स्वयंसेवक नसलेला बरा.

दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी मुंबईत रात्रशाळा आहेत. हा वारसा मोठा आहे. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालयं चालवली. आज रात्रशाळेत येणारा मुलगा दिवसभर दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर उभा असतो. साडेसहाला तो येतो तेव्हा उपाशी असतो. २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करणाऱ्या ‘मासूम’ संस्थेने पुस्तकं आणि प्रयोगशाळेच्या सोयीबरोबर खाण्याचाही विचार केला, तो यासाठीच. उपाशी मुलाला प्रमेय समजत नाही. अभ्यासिकेतही केळं, चिक्की, उसळ-पाव यांवरचा खर्च हा शिक्षणावरचाच खर्च आहे.

आणि असे सगळेच उपक्रम चालतात असं मुळीच नाही. अमेरिकेत सरकारी पैशांवर देशभर चाललेल्या शाळेनंतरच्या केंद्रांची २००० नंतरच्या काही वर्षांत तपासणी झाली, तेव्हा अभ्यासात फारसा फरक आढळला नाही. मुलं येत, गृहपाठ उरकत, जात. येणंही अधूनमधून. पुढे जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी अशा कित्येक कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांत एका पायरीवर दुसरी अशी आखणी होती, मुलं हाताने-तोंडाने काही करत होती, आणि नेमकं काय शिकायचं ते ठरलेलं होतं, अशाच कार्यक्रमांचा परिणाम दिसला. नुसतं ‘या आणि बसा’ पुरत नाही.

त्यामुळे मुलाला केंद्रात घालायचं असेल किंवा स्वतः शिकवायला जायचं असेल, तर तिथे चारच गोष्टी विचारा. पहिल्या आठवड्यात मुलाची पातळी तपासता का? गेल्या वर्षीचे किती ताई-दादा अजून आहेत? मूल दोन दिवस आलं नाही तर घरी कोण जातं? आणि दहावीचा निकाल लागल्यावर तुमचं काम संपतं का? शिकवायला जाणार असाल तर जूनमध्ये सुरुवात करा आणि शब्द देताना मार्चपर्यंतचा देऊ नका. निकाल, कागदपत्रं, अकरावी किंवा आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या, आणि नव्या कॉलेजातले पहिले बुजलेले आठवडे हे सगळं पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत चालतं. तोवर येता येणार असेल तरच एका मुलाचं नाव आपल्याकडे घ्या.